रांगेत न आलेल्या मुली

खरं म्हणजे हे मी कुणाला सांगायला नको. मी ज्या कामाला जाते तिथे पहिल्याच दिवशी बजावतात की इथे कळलेलं इथेच ठेवायचं. कुणाचा दंड किती, कुणाची कंबर किती, हे बाहेर बोलायचं नाही. आजवर मी बोललेही नाही. पण एका मुलीने स्वतःच "माझं सांगितलं तरी चालेल" असं म्हटलंय, म्हणून फक्त तिचं सांगते. बाकीच्यांचं विचारू नका.

मी फीत आहे. माप घ्यायची, पिवळी, बोटभर रुंद. आत्ता मी बडोद्यातल्या एका शाळेच्या रिकाम्या वर्गात, पडद्यामागे, खुर्चीच्या पाठीवर लोंबकळतेय. मला गळ्यात घालून आलेली स्नेहलता चहा प्यायला गेलीय. ती येईपर्यंत मला वेळ आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. मी आधी एका लांबलचक पट्ट्याचा भाग होते एवढं आठवतं. मग माझ्या अंगावर आकडे छापले, मला कापलं आणि दोन्ही टोकांना पत्र्याच्या टोप्या घातल्या. माझ्या एका बाजूला इंच आहेत, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. ही दुसरी बाजू कशाला, असं मला पुष्कळ दिवस वाटायचं, कारण तिच्याकडे कुणी बघतच नव्हतं.

मला विकत घेतलं ते इंदिराबाईंनी. त्या इथल्याच वाडी नावाच्या भागात राहतात आणि घराच्या पुढच्या खोलीत बायकांचे कपडे शिवतात. खोली लहान आहे. एक मशीन, एक पाट, भिंतीला आरसा आणि कोपऱ्यात दोरीवर निळी चादर टाकून केलेला आडोसा. त्या आडोशाच्या आत माझं काम.

इंदिराबाईंची एक सवय मला फार आवडते. त्या माप कधी मोठ्याने बोलत नाहीत. माप घेतात, कापडाला टाचलेल्या चिठ्ठीवर लिहितात आणि म्हणतात, "झालं हो बाळा." कुणी विचारलंच, "किती भरलं हो मावशी?" तर म्हणतात, "तुझ्याएवढं."

बायका माप देताना पोट आत ओढून घेतात. मुली तर श्वासच धरतात. इंदिराबाई त्यावर काही म्हणत नाहीत. नुसतं विचारतात, "आज भाजी काय केली गं आईने?" मुलगी उत्तर द्यायला तोंड उघडते, श्वास सुटतो आणि खरं माप माझ्या हाती लागतं. एवढ्या वर्षांत ही युक्ती कुणाच्या लक्षात आलेली नाही.

नवरात्राच्या आधी आमच्याकडे नुसती धांदल असते. गल्लीच्या तोंडापर्यंत मुली उभ्या राहतात. गरब्यासाठी नव्या चणियाचोळ्या असतातच, पण जुन्याही येतात. वाढत्या मुलींच्या चोळ्या शिवताना इंदिराबाई शिवणीत आत दोन बोटं जास्तीचं कापड ठेवतात. त्याला त्या माया म्हणतात. पुढच्या वर्षी मुलगी भरली की ती शिवण उसवायची आणि चोळी ढिली करायची. त्यामुळे एकेक चोळी तीन-तीन नवरात्रं जाते.

अवंती अशीच दरवर्षी यायची. आता ती नववीत आहे. गुबगुबीत, बोलकी, आडोशाच्या आत उभी राहून एका पायावर गिरकी घेणारी. "अगं, नीट उभी राहा, तुला मापू का भोवऱ्याला?" असं इंदिराबाई म्हणायच्या. दरवर्षी तिची चोळी थोडी उसवावी लागायची आणि त्यात कुणालाच काही वाटत नव्हतं.

आता स्नेहलतेचं सांगते. ती इंदिराबाईंची मुलगी. नर्स आहे. शाळेतल्या मुलामुलींच्या तब्येतीची पाहणी करणाऱ्या एका तुकडीत ती काम करते. त्यांचे डॉक्टर उन्मेष. दरवर्षी त्याच शाळांमध्ये जायचं, तीच मुलं तपासायची, म्हणजे वाढत्या वयात कुणाचं काय होतं ते कळतं. गेल्या वर्षी ऐन पाहणीच्या सकाळी त्यांच्या सामानातली फीत टोकाला फाटली. स्नेहलतेने मला खुंटीवरून उचललं.

"एवढी मोठी तुमची पाहणी, आणि फीत माझी?" इंदिराबाई म्हणाल्या.

"एकच दिवस गं आई. संध्याकाळी परत आणते."

"नाही आणलीस तर तुझ्या डॉक्टरांना ब्लाउज शिवून पाठवीन."

तो एक दिवस कधी संपलाच नाही. तेव्हापासून मी दोघींची आहे. आईच्या हातात माझी इंचांची बाजू वर असते आणि लेकीच्या हातात सेंटिमीटरची.

पाहणीचं काम मला आवडलं, पण तिथली एक रीत मला पहिल्या दिवसापासून खटकली. शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये सगळ्या मुलींची एकच रांग असे. स्नेहलता माप घेई आणि मोठ्याने सांगे, कारण लिहून घेणारी बाई लांब टेबलाशी बसलेली. काम भराभर व्हावं म्हणून तसं ठरलेलं होतं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं.

त्या दिवशी अवंती आली. स्नेहलतेने तिच्या कमरेभोवती मला फिरवलं आणि हाक दिली, "कंबर अठ्ठ्याऐंशी!"

रांगेतल्या मुलींना शिंपिणीकडचे इंच ठाऊक. सेंटिमीटर कुणाच्या ध्यानात येणार? अठ्ठ्याऐंशी म्हटल्यावर मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरी हसली. "अरे बाप रे, हिच्याभोवती गरबा करता येईल!" असं एकजण गुजरातीत म्हणाली आणि अख्खी रांग खिदळली. अवंतीही हसली. पण मी तिच्या कमरेभोवती होते. तिचं पोट हसत नव्हतं, ते दगडासारखं घट्ट झालं होतं.

या वर्षी पाहणी आली ती नवरात्राच्या काही दिवस आधी. तोच हॉल, तीच रांग. मी वाट पाहत होते, पण अवंती आली नाही. तिच्या नावापुढे गैरहजर लिहिलं गेलं आणि काम पुढे सरकलं.

इथे मला एक गोष्ट सांगायचीच आहे. रांगेत पुढे कोण उभं राहतं ते मी नीट पाहिलंय. खोखोच्या संघातल्या मुली, उंच मुली, ज्यांचं सगळं ठीक आहे त्या. "आधी माझं घ्या ना बेन," असं म्हणत त्या धावत येतात. मधल्या मुली कुजबुजत येतात. आणि ज्यांना आतून काहीतरी बोचत असतं, त्या त्याच दिवशी नेमक्या आजारी पडतात, लायब्ररीत पुस्तक परत करायला जातात, नाहीतर घरूनच येत नाहीत. मोठी माणसं म्हणतात, चार-दोन राहिल्या तर काय बिघडलं. पण आम्ही ज्यांना मोजतो त्या बहुतेक धडधाकटच असतात. मग कागदावर शाळाही बरी दिसते.

त्याच आठवड्यात अवंती आपल्या आईबरोबर, नीरजाबरोबर, दुकानात आली. हातात गेल्या वर्षीची चोळी. इंदिराबाईंचा हात त्या दिवशी दुखत होता, म्हणून स्नेहलता मदतीला बसली होती. आडोशात तिनेच मला धरलं.

चोळी उसवायची नव्हती. आत घ्यायची होती. दोन्ही बाजूंनी चांगली मूठभर.

"बघा ना इंदिरामावशी," नीरजा बाहेरून कौतुकाने सांगत होती, "कशी बारीक झाली! आणि खाते किती विचारा. चार चार भाकऱ्या खाऊन उठते नि परत डबे उघडते. आम्ही मेलं वासानेच फुगतो."

"वय आहे गं," इंदिराबाई म्हणाल्या. "नवरात्र आलं की बडोद्यातल्या सगळ्या मुली बारीक होतात."

दुकानातल्या सगळ्या हसल्या. खरंच होतं ते. या दिवसांत इथे कुणी बारीक झालं की पहिला शब्द कौतुकाचाच निघतो. सोसायटीत, वर्गात, मावश्या-काकवांमध्ये सगळीकडे अवंतीला शाबासकी मिळत होती. कसं केलंस गं, आम्हालाही सांग. तीही सांगायची, "काही नाही, गोड सोडलं."

पण मी तिच्या दंडाभोवती होते. गेल्या वर्षी ज्या खुणेला मी पुरायचे, तिथून कितीतरी आत आले होते. दंड बारीक होणं वेगळं आणि दंड ओसरणं वेगळं. तिची कातडी कोरडी होती आणि उभं राहताना ती भिंतीला टेकत होती. तिने गिरकी घेतली नाही.

मला बोलता येत नाही. त्या दिवशी त्याचं मला फार वाईट वाटलं.

"मावशी, पाणी मिळेल?" अवंती म्हणाली. तांब्याभर प्यायली. मग आत बाथरूमला जाऊन आली. चोळी टाचून होईपर्यंत परत पाणी मागितलं आणि परत आत गेली.

स्नेहलतेच्या हातातली टाचणी तशीच राहिली. अवंती आडोशात परत आली तेव्हा तिने हळूच विचारलं, "परवा तू शाळेत होतीस ना गं? रांगेत दिसली नाहीस."

अवंती चोळीच्या नाडीशी खेळू लागली.

"मी रागावत नाहीये. नुसतं विचारतेय."

"मी आणि ऋचा लायब्ररीत होतो," अवंती म्हणाली. ऋचा म्हणजे तिच्या बाकावरची मुलगी, डभोई गावाहून रोज गाडीने येणारी.

"माप नको होतं म्हणून? मी गेल्या वर्षी ओरडून सांगितलं होतं, म्हणून?"

"ते पण. म्हणजे आधी तेच." ती चोळीच्या नाडीशी खेळत राहिली. मग इतक्या बारीक आवाजात बोलली की आडोशाच्या बाहेर ते गेलंच नसेल. "ताई, मला रात्री सारखं उठावं लागतं. जिना चढला की डोळ्यांपुढे अंधारी येते. मला माहितीये काहीतरी झालंय. पण तपासलं असतं तर ते निघालं असतं. मग आईने नवरात्रात घरी बसवलं असतं. वर्षभर मी याचीच वाट बघते. या वर्षी पहिल्यांदा मला कुणी हसणार नव्हतं."

स्नेहलतेने मला गळ्यात टाकलं. आडोसा बाजूला करून ती नीरजाजवळ गेली आणि म्हणाली, "नीरजाताई, हिच्या बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर बघू का? यंत्र माझ्या पिशवीतच आहे."

"साखर? अगो, हिला? चौदा वर्षांची आहे ती. साखर आमच्या सासऱ्यांना आहे."

"नसेल तर चांगलंच. दोन मिनिटं लागतील."

नीरजाने मान डोलावली. बोट टोचलं. यंत्राने आकडा दाखवलाच नाही. साखर मोजता येणार नाही इतकी जास्त आहे, एवढंच त्यावर उमटलं. इंदिराबाई उठल्या, चपला घालायलाही विसरून गल्लीच्या तोंडाशी गेल्या आणि रिक्षावाल्याला अशी हाक मारली की ती पार मांडवीच्या चौकापर्यंत ऐकू गेली असेल.

रिक्षात अवंती रडत होती. "ताई, गरबा…" एवढंच म्हणायची. नीरजा तिचा हात घट्ट धरून बसली होती आणि एकच वाक्य परत परत बोलत होती, "मी सगळ्यांना सांगत सुटले, बारीक झाली, बारीक झाली."

स्नेहलता मला काढायला विसरली होती. दवाखान्यात पोचल्यावर तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही टेलर का?" स्नेहलता म्हणाली, "अर्धी." मग तिने भराभर सगळं सांगितलं, तसा त्या बाईंचा चेहरा बदलला.

अवंतीला मधुमेह झाला होता, लहान वयात होतो तो. शरीरात इन्सुलिन तयार होणं जवळजवळ थांबलं होतं, म्हणून खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. आणखी थोडे दिवस गेले असते आणि ती त्याच अंगाने रात्रभर गरबा खेळली असती, तर ती बेशुद्ध पडली असती. जिवावरच बेतलं असतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी पुढचे काही दिवस दुकानात होते, म्हणून दवाखान्यातलं मला स्नेहलतेच्या तोंडून कळायचं. आज उठून बसली. आज स्वतःच्या हाताने इंजेक्शन घेतलं. आज डॉक्टरांशी भांडली.

"भांडली?" इंदिराबाईंनी विचारलं.

"गरब्यावरून. त्या म्हणाल्या, अगं, खेळ की, तुला कोण नको म्हणतंय? आधी साखर बघायची, जवळ गोड ठेवायचं, दमलं की बसायचं. हिचा विश्वासच बसेना. म्हणे, लिहून द्या."

"दिलं?"

"दिलं. आईच्या नावाने."

इंदिराबाई हसल्या आणि लगेच चोळी काढून बसल्या. टाचलेल्या टाचण्या काढल्या. एका बाजूची शिवण घातली, पण हलकी, लांब टाक्यांची, एका ओढीत सुटेल अशी. "आता भरेल पोर," म्हणाल्या. "मग काय परत आत-बाहेर करत बसू?"

नवरात्राच्या शेवटच्या रात्री अवंती समा भागातल्या मैदानावर थोडं खेळली. मी तिथे नव्हते, पण दुसऱ्या दिवशी ती स्वतः सांगायला आली. नीरजा खुर्ची टाकून कडेला बसली होती, मांडीवर डबा आणि यंत्र घेऊन. दोन फेऱ्या झाल्या की अवंती यायची, बोट पुढे करायची आणि परत जायची. "लोकांना वाटलं मी आईला अंगठी दाखवायला येतेय," ती म्हणाली आणि दुकानातच तिने एक गिरकी घेतली. तिला जरा धाप लागली. मग ती पाटावर बसली आणि हसली.

तेव्हाच ती स्नेहलतेला म्हणाली होती, "ताई, माझं सांगितलं तरी चालेल. नाव घेऊनसुद्धा."

स्नेहलतेने ते डॉक्टर उन्मेष यांना सांगितलं. ते टेबलाशी बसून पाहणीचं लिहीत होते. शाळेची तब्येत चांगली, असं त्यात येणार होतं. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"आपण काय धरून चालतो, स्नेहलताबेन," ते म्हणाले, "की जे आले नाहीत ते आलेल्यांसारखेच असतील. तसे ते नसतात. हे मी वाचलेलं होतं. शिकवलंयही. आणि तरी दरवर्षी गैरहजर लिहून पुढे जातो."

"मग काय करायचं?"

"त्यांच्यासाठी वेगळा दिवस ठेवू. हॉल नको, रांग नको. आणि ते ओरडून सांगणं बंद."

"ते माझ्या आईकडून शिकायला हवं होतं," स्नेहलता म्हणाली. "घरातच होतं."

"त्यांना विचारा, पडदा मिळेल का एखादा."

तर तो हा दिवस आणि हा तो पडदा. दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच उघडलीय. इंदिराबाईंनी पडदा शिवून दिलाय, फुलाफुलांचा. एका वेळी एकच मुलगी येते. स्नेहलता माप घेते, स्वतःच लिहिते आणि म्हणते, "झालं हो बाळा." मधेच "भाजी काय केली आज?" असंही विचारते. सकाळी पहिला तास कुणीच आलं नाही, तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. मग एक आली. मग तिने जाऊन काय सांगितलं कुणास ठाऊक, आणखी आल्या. कुणाला काय निघालं ते मी सांगणार नाही. पण दोघींना आता मोठ्या डॉक्टरांकडे पाठवायचं ठरलंय, आणि त्या दोघीही जाताना आल्या तेव्हापेक्षा हलक्या चालीने गेल्या.

मी सुखी आहे. एका दिवसात एवढं काम मला कधीच पडलं नव्हतं आणि तरी अंग दुखत नाही. माझ्या टोकाची पत्र्याची टोपी थोडी सैल झालीय, काही आकडे बोटांनी पुसट झालेत. चालायचंच.

बाहेर व्हरांड्यात दोन आवाज ऐकू येताहेत. एक अवंतीचा आहे. दुसरा आवाज ऋचाचा. ती दोन वर्षं रांगेत आलेली नाही.

"आत कोण कोण आहे?"

"कुणी नाही. खुर्ची आहे, फीत आहे. ताई चहा पिऊन येतेय."

"सुई आहे?"

"आहे. मुंगी चावते तेवढीच. ही बघ माझी बोटं, रोज टोचते. गेली का गळून?"

"तुझं वेगळं आहे गं. तुझं निघालंय. माझं काही निघालं तर?"

"निघालं तर कळेल. नाहीतर डभोईच्या गाडीत बसून रोज तीच भीती घरी घेऊन जाशील." मग परत अवंतीच. "मी इथेच उभी राहते. तू येईपर्यंत जात नाही. कुणी हसलं तर मी हाणते."

"तू? तुला धाप लागते."

"बसून हाणते."

ऋचा हसली. चपला काढल्याचा आवाज आला. पडदा थोडा हललाय. स्नेहलतेची पावलंही ऐकू येताहेत.

आता माझ्याकडे वेळ थोडाच आहे, म्हणून तुम्हाला एकच मागते. तुमच्या वर्गातही अशी कुणी असेल, जी नेमकी त्या दिवशी लायब्ररीत जाते. तिला भित्री म्हणू नका, तिला ओढूनही आणू नका. नुसतं तिच्याबरोबर दारापर्यंत चाला, बाहेर थांबा, आणि ती आत पाऊल टाकेल तेव्हा तिला…

"चला फीतबाई, उठा! ऋचा आलीय."